अर्धं हिरवं तळं

कॅनडातल्या एडमंटनला नवीन आलेल्या माणसाशी इथले लोक आधी थंडीबद्दल बोलतात, मग हॉकीबद्दल. आमच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये मात्र आणखी एक विषय हमखास निघतो, डेव्हिड शिंडलर. इथल्या अल्बर्टा विद्यापीठात ते १९८९ पासून परिसरशास्त्राचे प्राध्यापक होते, २०२१ मध्ये वारले. बेळगावात हे नाव कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पण आपल्या बळ्ळारी नाल्याच्या काठावरच्या शेतकऱ्यांनी तरी ऐकावं, म्हणून हे लिहितोय.

गडी मूळचा अमेरिकेतला, मिनेसोटाच्या तळ्यांच्या मुलखात वाढलेला. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला, तिथून डॉक्टरेट घेऊन आला. १९६८ मध्ये कॅनडा सरकारनं ओंटारिओच्या जंगलातली ५८ छोटी तळी निव्वळ प्रयोगासाठी राखून ठेवली आणि त्यांचा कारभार या तिशीही न गाठलेल्या माणसाच्या हाती दिला. आपल्याकडे त्या वयात माणूस कायम नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत असतो.

तेव्हा इथली मोठमोठी सरोवरं शेवाळानं हिरवी होत चालली होती. शास्त्रज्ञांना कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटचा संशय होता. पावडरवाले म्हणत, आमचा काय संबंध, दोष कार्बनचा. काचेच्या बरण्यांतले प्रयोग दोन्ही बाजूंना हवे तसे वाकवता येत होते. शिंडलरनी बरणी बाजूला ठेवली आणि अख्खं तळंच घेतलं.

२२६ नंबरचं तळं मध्ये अरुंद, दोन्हीकडे फुगलेलं. १९७३ मध्ये त्या अरुंद जागी त्यांनी वरपासून तळापर्यंत प्लास्टिकचा जाड पडदा ताणून बसवला. दोन्ही भागांत नायट्रेट आणि कार्बनसाठी साखर टाकली. फॉस्फेटमधला फॉस्फरस मात्र एकाच भागात. थोड्याच आठवड्यांत तो भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या फोटोत मध्ये पडद्याची रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन रंग स्वच्छ दिसतात. पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधनं घालायला सुरुवात झालीच होती, पण या फोटोनंतर कार्बनवाल्यांना बोलायला जागाच उरली नाही. माझं तर मत आहे की शंभर पानी अहवालापेक्षा त्या एका फोटोनं जास्त काम केलं.

हे मी येळ्ळूरच्या काकांना फोनवर सांगत होतो. काकांचा बासमती त्या नाल्याच्याच पट्ट्यात. ते म्हणाले, "तळ्यात साखर ओतली? आणि वर सरकारनं पगार पण दिला काय?" साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच.

पुढच्या प्रयोगात शिंडलरनी २२३ नंबरच्या तळ्यात थोडं थोडं आम्ल सोडलं. वर्षानुवर्षं. आम्लानं मोठे ट्राउट मासे थेट मेले नाहीत. ते ज्यांवर जगत, ते बारके मासे आणि कोळंबीसारखे जीव आधी संपले आणि ट्राउट उपासमारीनं खंगले. १९९१ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार सुरू झाला, तो पहिलाच यांना मिळाला.

मला जास्त भावतो तो त्यांचा विद्यापीठातला काळ. अल्बर्टा प्रांत चालतो तेलमिश्रित वाळूच्या खाणींवर. अथाबास्का नदीतली घाण निसर्गतःच आहे, असं तेव्हा सरकार सांगत असे. शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीचं पाणी आणि काठावरचा बर्फ तपासला, आणि २००९ व २०१० च्या शोधनिबंधांत दाखवून दिलं की विषारी द्रव्यं आणि जड धातू खाणींच्या उद्योगातूनही येताहेत. वर पत्रकारांसमोर विकृत वाढीचे मासे मांडून ठेवले. ज्या प्रांताच्या पैशावर विद्यापीठ चालतं, त्याच प्रांताच्या सरकारशी हे भांडण. प्राध्यापकाची खुर्ची असते कशाला, हे मला तिथं कळलं. २०१२ मध्ये नदीच्या तपासणीची नवी योजना सरकारला जाहीर करावी लागली. त्याच वर्षी केंद्र सरकारनं त्या ५८ तळ्यांचा निधी मात्र तोडला. शास्त्रज्ञांनी गहजब केला, आणि २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेनं ती चालवायला घेतली.

काकांना यातलं राजकारण लगेच समजलं. रसायन समजवायला खताचं पोतं कामाला आलं. डीएपीवर १८-४६-० लिहिलेलं असतं, त्यातला ४६ चा आकडा फॉस्फेटचा. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "मग आमच्या नाल्यात जास्त कुठलं? पोत्यातलं का शहराच्या गटारातलं?"

याचं उत्तर एडमंटनात बसून देता येत नाही. उन्हाळ्यात शेतातून पाणी वाहत नाही, तेव्हा नाल्यात येतं ते बहुतेक शहराचंच. पहिल्या मोठ्या पावसानंतर शिवारातलंही मिसळतं. म्हणून नमुने दोन्ही वेळा घ्यायला हवेत, आणि दर वेळी दोन, एक नाला शिवारात शिरण्याआधी आणि एक शिवार ओलांडल्यावर, दर वर्षी त्याच जागी. कॉलेजात शिकणारा नातू हे करायला तयार आहे म्हणाले. मी त्याला निरोप धाडलाय की बाटल्या घरच्या पावडरीनं अजिबात धुऊ नकोस, नाहीतर नाल्याऐवजी पावडरच मोजशील.