आधी वही, मग कॅमेरा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि आषाढ शुद्ध दशमीला ती पंढरपुरात पोचते. मधली वाट सुमारे २५० किलोमीटरची. या वाटेवर मी वही आणि कॅमेरा दोन्ही घेऊन चालतो, पण क्रम ठरलेला आहे. आधी वही, मग कॅमेरा. उलटं केलं की पुण्याच्या मुक्कामापर्यंतच रथ, बैलजोडी, पताका, फुगड्या असं सगळं टिपून होतं, आणि दिवे घाट चढताना नवीन काही दिसेनासं होतं. पुढचे पंधरा दिवस मग तेच फोटो पुन्हा पुन्हा.

वही हाताच्या पंजाएवढी, शिवलेली, ८० पानांची पुरते. तारेच्या बांधणीची नको. पान ओलं झालं की भोकांपाशी फाटतं. जेल पेनाची शाई पहिल्याच सरीत पसरते, म्हणून शिसपेन्सिल किंवा साधं बॉलपेन. वही झिपच्या पिशवीत घालून अंगावरच्या खिशात ठेवायची. मोठ्या बॅगेत टाकली तर ती सामानाच्या ट्रकमधून थेट मुक्कामी जाते आणि दिवसभराचं लिहायचं राहून जातं.

लिहायची खरी वेळ दुपारचा विसावा. रात्री कीर्तनानंतर लिहू म्हटलं तर दुसऱ्या ओळीला डोळा लागतो. दहा मिनिटं पुरेत. ठिकाण, वेळ, कानावर पडलेला एक आवाज आणि कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं. ‘भक्तिमय वातावरण’, ‘अविस्मरणीय क्षण’ हे शब्द मी वहीत येऊच देत नाही. ते जेजुरीत लिहा नाहीतर नातेपुत्यात, पान तेच दिसतं. माणसांशी बोलतानाही हेच. ‘कसं वाटतंय?’ असं विचारलं की ‘माउलींची कृपा’ एवढंच उत्तर येतं. ‘माउली, यंदाची कितवी वारी?’ असं विचारा. मग पेरणी झाली का राहिली, घरी गुरांजवळ कोण आहे, आधी घरातलं कोण वारीला यायचं, हे सगळं आपसूक निघतं.

वहीचा कॅमेऱ्याला उपयोग कसा होतो, ते वीणेवरून सांगतो. दिंडीत वीणेकऱ्याचा चेहरा सगळेच टिपतात. पण तीन दिवस नुसतं लिहीत गेलं की वहीत वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते: वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तो क्षण. देणारा पट्टा डोक्यावरून काढतो, घेणारा मान वाकवतो, आणि मग दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, वयाचा विचार न करता. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. आधी लिहिलेलं असलं तरच आपण योग्य बाजूला, चार पावलांवर, तयार उभे असतो.

उजेडाचं गणित मात्र शिकावंच लागतं. ढगाळ आभाळ आणि पांढरे सदरे, टोप्या एका चौकटीत आले की कॅमेरा सगळं करडं करून टाकतो आणि चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, साधारण +०.७ वर न्यावं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा वाढवावा. गोल रिंगणात धावत्या अश्वासाठी शटरचा वेग निदान १/१००० सेकंद. पण धाव संपल्यावर कॅमेरा खाली ठेवू नका. टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात, आणि मला त्या वाकलेल्या पाठी धावत्या घोड्याहून जास्त मोलाच्या वाटतात. काचेवर बुक्का उडाला तर कोरड्या फडक्यानं घासू नये, ओरखडे पडतात. आधी ब्लोअरनं हवा मारून कण उडवावेत. भिजलेला कॅमेरा बंद पिशवीत कोंडला की आतून वाफ धरते, म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी तो कोरडा पुसून उघडा ठेवावा.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात ६,००० ते ६,५०० च मिळतात, म्हणजे मोठ्या बॅटरीचा मोबाइल एकदा भरतो आणि वर थोडं उरतं. गर्दीत नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका. दिवसाला २४ फोटोंची मर्यादा मी पाळतो. पहाटे टँकरपाशी अंघोळी चाललेल्या असतात, दुपारी बायाबापड्या रस्त्याकडेला पाठ टेकतात. तिथे कॅमेरा काढायचाच नाही. तेवढी लाज राखलीच पाहिजे.

आणि काही गोष्टी वहीतच राहतात. संध्याकाळी समाज आरतीला चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ असा पुकारा करतात आणि एवढा मोठा तळ एकदम गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, तिचं ऐकून घेतलं जाईपर्यंत. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा. याचा फोटो काढला तर फक्त उभी माणसं दिसतात. ती शांतता आणि तो पुकारा मी त्याच रात्री, विजेरीच्या उजेडात, झोप आली तरी लिहून काढतो. दिवसाचे फोटो त्याआधी पाहत नाही. पाहिले की लिहिताना चौकटीबाहेरचं आठवत नाही.

फोटोचा क्रमांक वहीत त्या दिवसाच्या पानावर टाकावा, आणि ज्यांना ‘फोटो पाठवतो’ म्हटलं त्यांचा पत्ता त्यांच्याच हातून तिथे लिहून घ्यावा. घरी आल्यावर आठवडाभर फोटो उघडू नयेत. मग वही वाचत बसावं आणि प्रत्येक दिवसाचा एकच फोटो निवडावा, त्या दिवसाच्या ओळीला जुळणारा. पोस्टानं पाठवायच्या प्रती मात्र त्याआधीच काढाव्यात. पुढच्या वर्षी दिंडीत तीच माणसं ‘फोटो आला बरं का, माउली’ म्हणत भेटतात.