सेनिओच्या वरचं आकाश

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठा लाइट इन्फंट्रीची गोष्ट निघाली की इटलीतली सेनिओ नदी, 9 एप्रिल 1945 आणि नामदेव जाधवांचा व्हिक्टोरिया क्रॉस येतोच. आकाशातल्या लढाईबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

कॉर्सिका बेटावरची अमेरिकन बी-25 मिचेल बॉम्बफेकी विमानांची पथकं नोव्हेंबर 1944 पासून इटलीतल्या जर्मन सैन्याला रसद पोचवणाऱ्या, आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीच्या रेल्वेमार्गावरचे पूल फोडत होती. सहा-सहा विमानांचा थवा, पुलासाठी बहुधा 1000 पौंडी बॉम्ब. शेवटचा टप्पा वेग, उंची, दिशा न बदलता उडायचा, कारण बॉम्बसाइटचं, म्हणजे बॉम्बचा नेम धरणाऱ्या यंत्राचं, सगळं गणित त्यावरच. नेमका तेव्हाच खालच्या जर्मनांच्या 88 मिलिमीटर विमानविरोधी तोफांनाही नेम सापडे! म्हणून काही विमानं पुढे जाऊन रडार फसवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या सोडत. पूल पडला की जर्मन डागडुजी करत, की पुन्हा तोच पूल, तीच फेरी.