गिरगावातली लांब रात्र

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते, तरी २१ डिसेंबर २०२५ च्या रविवारी संध्याकाळी मी चर्नी रोडला उतरलो तेव्हा माझ्या हातात आकाशकंदील होता आणि जिन्यावरचे लोक माझ्याकडे वळून पाहत होते. मावसबहिणीच्या चाळीने वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री कंदिलांची फेरी काढायचे ठरवले होते. ही कल्पना तिच्या मुलाने इंग्लंडमधल्या ब्रायटनहून आणलेली. तिथे याच तारखेला लोक लवचीक काड्या आणि पातळ कागद यांचे कंदील मिरवत समुद्रावर नेतात आणि सरत्या वर्षाला निरोप म्हणून जाळतात.

मला ही हौस उसनी वाटत होती. ब्रायटनचा त्या दिवशीचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, मुंबईचा सुमारे अकरा तासांचा. शिवाय आपल्याकडचा सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीसच होऊन गेलेला असतो.

चाळीतले दिवे मालवले, पण जिन्यावरची एक ट्यूब काही केल्या विझेना, कारण तिचे बटण कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी एकाने स्टुलावर चढून तीच काढून ठेवली. मग पतंगी कागदातून कामट्यांची सावली भिंतीवर उतरली आणि खळ जिथे जास्त लागली होती ते डागही उजेडात दिसू लागले. माझा विरोध तिथेच मावळला.

खोताच्या वाडीतून जाताना दारोदारी नाताळचे तारे लागलेले होते. आमची फेरी त्यांच्यात सहज मिसळून गेली. चौपाटीवर ८ वाजून ३३ मिनिटांनी, म्हणजे सूर्य दक्षिणेकडच्या टोकाला पोहोचून परत फिरतो त्या क्षणी, मुलांनी कंदील उंच धरले. तेवढ्यात शेजारचे आजोबा म्हणाले, "उत्तरायण संक्रांतीला असते." एका अर्थी त्यांचेही बरोबर होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डुलत असल्यामुळे शतकानुशतके सरकत गेलेली नक्षत्रांवरून मोजलेली मकर संक्रांत आता खऱ्या अयनबिंदूनंतर, म्हणजे सूर्य परत फिरतो त्या क्षणानंतर, सुमारे चोवीस दिवसांनी येते.

कंदील जाळायचे का, यावर वाळूतच चर्चा झाली. मुलांनी साफ नकार दिला. आठवडाभर खपून केलेली वस्तू कोण जाळील? अखेर कंदील संक्रांतीपर्यंत गॅलरीत टांगावेत असे ठरले. आजोबांनीही मान डोलावली. परतल्यावर माझा कंदील मी त्यांच्याच दाराशी अडकवला आणि रिकाम्या हाताने बोरिवली लोकल पकडली.