तुम्ही विचारलंत म्हणून: हे ‘कार्क’ काय प्रकरण आहे?

जुन्या इंग्रजी कविता शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. ‘मॅडम, इथे कार्किंग केअर छापलंय. बार्किंग हवं होतं का?’ नाही, छपाई बरोबर आहे. ‘कार्क’ हे जुनं इंग्रजी क्रियापद. काळजी करणं, किंवा दुसऱ्याच्या जिवाला घोर लावणं. आता ते एकटं क्वचितच भेटतं. ‘केअर’चं विशेषण होऊन कसंबसं तग धरून आहे.

त्याचं मूळ मात्र गाडीत आहे. गॉलमधल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक लोकांच्या चाकांच्या गाडीला रोमन लोक ‘कारुस’ म्हणायला लागले. तीत माल भरणं म्हणजे ‘कारिकारे’. हा शब्द फ्रान्समध्ये दोन वाटांनी गेला. पॅरिसकडे सुरुवातीच्या ‘क’चा ‘च’ झाला, नॉर्मंडीत ‘क’ तसाच राहिला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे इंग्रजीने दोन्ही रूपं ठेवून घेतली: नॉर्मन ‘कार्क’ आणि पॅरिसकडचा ‘चार्ज’. ‘कॅच’ आणि ‘चेस’ (chase, पाठलाग) ही जोडीही अशीच. म्हणजे पोलिसांची चार्जशीट, मोबाइलचं चार्जिंग, स्पॅनिशमधून आलेला ‘कार्गो’, सगळी कार्कची भावकी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘कार्क’ हे मालाचं ओझंही होतं आणि मनावरचंही. कट्ट्यावर ‘लोड घेऊ नकोस’ म्हणणाऱ्या पोरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

मला तर काळजीसाठीच्या नेहमीच्या ‘वरी’पेक्षा (worry) हाच शब्द जास्त पटतो. ‘वरी’ म्हणजे मुळात गळा आवळणं; मग कुत्र्याने मेंढीचा गळा धरणं. ब्रिटनच्या १९५३ च्या कायद्यात जनावरांवर धावून जाणाऱ्या कुत्र्यांसाठी आजही हेच क्रियापद आहे. काळजीने झुरण्याचा ‘फ्रेट’ (fret) त्याहून खादाड, त्याचा जुना अर्थ फस्त करणं. पण काळजी दर वेळी अशी अंगावर कुठे येते? घराचा हप्ता, आईचे गुडघे... यातलं काही गळा धरत नाही, वजन तेवढं वाढत जातं.

वापरायला हरकत नाही, हौसेने वापरा. फक्त ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांशी जपून. तिकडच्या बोलीत ‘कार्क इट’ म्हणजे गचकणं. बाबांबद्दल ‘कार्क’ घालून निरोप धाडलात, तर तिकडून रडत फोन येईल.