दोन खुर्च्या

“ताई, ह्या दोन शब्दांनी मला लई छळलंय.” मावशींनी वहीत दोन चौकोन काढले. दोन दारं. एकावर पुश लिहायचं, दुसऱ्यावर पुल.

कर्वेनगरात आमच्या पार्किंगमध्ये शनिवारी पाचसहा जणी इंग्रजी शिकायला येतात. मी आपली ए फॉर ॲपलची तयारी करून गेलेले. (दोन महिने तेच चाललंय. सफरचंद कुणालाच वाचायचं नाहीये.)

मावशी उदगीरच्या. सातवी पास, पेपर घडाघडा वाचतात. त्यामुळे केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ साक्षरता योजनेतही बसत नाहीत, तिथे स्वयंसेवक शिकवतात ते १५ वर्षांपुढच्या निरक्षरांना. वाचन, लेखन, संख्याज्ञान, १५० गुणांची परीक्षा. मावशी साक्षरच आहेत हो. दारं इंग्रजीत आहेत.

“मग बँकेत कशा जाता?”

“बाहेर थांबते की. कुणी आत चाललं की त्याच्या मागनं. पहिली दोन अक्षरं सारखीच, चुकलं की लोक बघत्यात.”

अकरा वर्षं झाली त्यांना पुण्यात.

मी दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्या बराच वेळ बघत बसल्या. मग पुलच्या शेवटच्या दोन एलवर बोट ठेवलं. “ह्या दोन खुर्च्या. खुर्ची ओढूनच घ्यायची असती. म्हंजी हे ओढायचं.”

मला नसतं सुचलं.

घरी जाताना आमच्या लिफ्टमधल्या सूचना पहिल्यांदा नीट वाचल्या. सहाच्या सहा इंग्रजीत. तुमच्याकडे?