पिंगळा आणि रानपिंगळा: शहाद्याहून तोरणमाळपर्यंत

फेब्रुवारीत शहाद्याला मुक्कामाला पोहोचलो, त्याच संध्याकाळी अंगणातल्या जुन्या निंबावर पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी कलकलाट करू लागली. खानदेशात या पक्ष्याचे नवल कोणालाच नाही. पडक्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत तो सुखाने नांदतो. मी आलो होतो तो त्याच्या दुर्मिळ रानटी भाऊबंदासाठी, रानपिंगळ्यासाठी, पण अंधार पडेपर्यंत या जोडीकडेच पाहत राहिलो. पिंगळा आणि रानपिंगळा इतके सारखे दिसतात की, घरचा पिंगळा डोळ्यांत भरून घेतल्याशिवाय रानातला ओळखता येत नाही.

दुसऱ्या दिवशी एका पावरा आदिवासी वाटाड्याबरोबर तोरणमाळच्या बाजूला सातपुड्यात शिरलो. सागाची पानगळ सुरू होती. नऊ वाजले, ऊन चढले, आणि वाटाड्या हळूच म्हणाला, "भाऊ, तो शेंड्यावर बघा. हा गावातला नाही." भर उन्हात, निष्पर्ण फांदीवर, तो शेपटी हलवत उघडा बसला होता. पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपक्यांची दाटी असते. याचे डोके जवळजवळ कोरे होते. छातीवर गडद तपकिरी रंग, खाली पोट पांढरेशुभ्र, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. डोके आणि चोच तर अंगाच्या मानाने चांगलीच दणकट वाटली.

१८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी नोंदवलेला हा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने दिसलाच नव्हता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्टझॅगन यांनी आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ मिळवला म्हणून सांगितलेला नमुना प्रत्यक्षात जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेल्यांपैकी चोरलेला होता, आणि त्या खोट्या चिठ्ठीमुळे शोध चुकीच्या जागी होत राहिले. एका लेबलाने एक आख्खा पक्षी इतकी वर्षे दृष्टीआड ठेवावा, याची मला आजही चीड येते. अखेर पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी तो सापडला, तो याच शहाद्याजवळ, म्हणजे तब्बल ११३ वर्षांनी. पुढे मेळघाट, यावल आणि तानसा येथेही त्याच्या नोंदी झाल्या. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत २०१८ पर्यंत तो अतिसंकटग्रस्त होता, आता संकटग्रस्त आहे. तरीही प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

पिंगळ्याला माणसाची वस्ती चालते, रानपिंगळ्याला विरळ, कोरडे सागवन लागते. आणि घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडे लागतात. ती तुटली की त्याला दुसरा आसरा नाही. आम्ही पाहत होतो तो नर थोड्या वेळाने खाली झेपावला, पंजात सरडा घेऊन वर आला आणि पलीकडच्या एका जाड सागाकडे उडाला. ढोलीच्या तोंडाशी मादीचे डोके क्षणभर दिसले. जवळ जाऊन फोटो घ्यावा, असा मोह झाला खरा, पण वाटाड्याने हात धरला, आणि आम्ही आल्या वाटेने मागे सरकत निघालो. त्या सागाच्या आसपास नुकत्याच तोडलेल्या झाडांची चार खोडे होती. ती मी परतताना मोजली.