पोट सुटलेला त्रिकोण

माझी भाची चार वर्षांची असताना तिच्या बालवाडीतून एक कागद घरी आला. त्यावर तीन आकृत्या छापलेल्या होत्या आणि कोणती कोणत्या रंगाने भरायची, हेही खाली लिहिलेले होते : वर्तुळ निळे, त्रिकोण लाल, चौरस पिवळा. जमिनीवर पालथे पडून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून तिने तिन्ही आकृत्या भरल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या कागदावर चांदणी मिळवून आणली. पुढे दोन-तीन दिवसांनी मी सहज हिरव्या तेलखडूने एक त्रिकोण काढून तिला विचारले, की हे काय आहे? तिने तो नीट न्याहाळला आणि माझी चूक पोटात घालावी अशा स्वरात ती म्हणाली, "मामा, त्रिकोण लाल असतो."

तिचे काय चुकले होते? तिने पाहिलेला एकुलता एक त्रिकोण लालच होता. रंग डोळ्यांत आधी भरतो. कोपरे मोजावे लागतात, आणि रंगावरूनच काम भागत असेल तर ती मेहनत कोण घेईल? एका आकाराला एक रंग ही सोय कागद तपासणाऱ्याची आहे, शिकणाऱ्याची नव्हे, असे माझे तेव्हापासून ठाम मत झाले आहे. पाच त्रिकोण द्यावेत, एखादा बारीक, एखादा आडवा पसरलेला, एखादा चक्क टोकावर उभा, आणि रंग मुलाने निवडावेत, म्हणजे त्या पाचांत सारखे काय ते शोधण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

मात्र रंग भरण्याने आकार कळतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यानंतर मी तिच्या हाताकडे लक्ष देऊ लागलो. आकृतीच्या मध्यभागी तेलखडू वाटेल तसा धावे, कडेजवळ आला की हळू होई, आणि त्रिकोणाच्या टोकाशी तर पुरता अडे, कारण खडूचे जाड टोक त्या चिंचोळ्या जागेत शिरत नसे आणि तिथे पांढरा ठिपका राहून जाई. तो ठिपका तिला सहन होत नसे. मग ती खडू तिरका धरी, त्याचा कागद सोलून धारेने घाशी, कधी चक्क दुसरा, झिजलेला खडू शोधून आणी. एका त्रिकोणात असे तीन ठिपके आणि चौरसात चार. वर्तुळात मात्र एकही नाही, म्हणून "गोल पटकन होतो" हा तिचा निष्कर्ष. कोपरा म्हणजे काय हे मी तिला शब्दांत सांगायला गेलो असतो तर दोघेही कंटाळलो असतो. तेच तिला खडूने सांगितले.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत आपले पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले. त्यांच्या पद्धतीत वेगवेगळ्या आकारांचे धातूचे दहा साचे असतात. मूल साच्याच्या कडेने पेन्सिल फिरवते आणि तयार झालेली आकृती रंगीत पेन्सिलीच्या लागोपाठच्या रेघांनी भरून काढते. यामागचा मुख्य हेतू भूमितीचा नसून लिहिण्यासाठी हात तयार करण्याचा होता, हे मला विशेष वाटते. आकार ओळखता येणे आणि तो काढता येणे यांत बरेच अंतर असते. साधारणपणे तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढते, चौरस चौथ्या-पाचव्या वर्षी जमतो, त्रिकोण पाचव्याच्या आसपास, आणि शंकरपाळीसाठी सहावे-सातवे वर्ष उजाडावे लागते, कारण तिरकी रेघ हाताला फार उशिरा वश होते. आमच्या घरी साच्यांऐवजी आईची बांगडी, काडेपेटी आणि माझ्या जुन्या कंपासपेटीतला गुण्या यांवर भागले.

शंकरपाळीवरून आठवले. भाचीने चौरस रंगवून झाल्यावर मी तो कागद थोडा फिरवून ठेवला, तर चौरसाची तत्क्षणी शंकरपाळी झाली. कागद सरळ केला, पुन्हा चौरस. पिएर आणि दिना व्हॅन हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ साली भूमितीच्या आकलनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतली पहिली नेमकी हीच आहे : मूल आकाराला त्याच्या गुणधर्मांवरून नव्हे, तर एकंदर चेहऱ्यावरून ओळखते, आणि मान तिरकी केली की चेहरा बदलतो. त्यात आपल्या भाषेने आणखी गुंता केला आहे. घरात आपण चौरसाला सर्रास चौकोन म्हणतो आणि वर्तुळाला गोल. पुढे शाळेत कळते, की चौकोन हे अख्ख्या कुळाचे नाव असून गोल म्हणजे चेंडू.

त्या दिवाळीत आईने शंकरपाळ्यांसाठी मोठी पोळी लाटली आणि कातण्याने आधी उभ्या, मग तिरक्या रेघा मारल्या. भाची शेजारी बसून एकेक तुकडा उचलत होती. मधल्या तुकड्यांबद्दल वाद नव्हता. पण पोळी गोल असल्यामुळे कडेला जे तुकडे उरले, त्यांतल्या काहींच्या दोन बाजू सरळ होत्या आणि तिसरी बाहेर फुगलेली. एक तुकडा माझ्यापुढे धरून तिने हा कोण, असे विचारले. मला चटकन उत्तर सुचेना. माँटेसरींच्या दहा साच्यांत एक वक्र बाजूंचा त्रिकोणही असतो खरा, पण त्याच्या तिन्ही बाजू फुगीर असतात.

"ह्या त्रिकोणाचं पोट सुटलंय," तिने स्वतःच सांगून टाकले.

तेवढ्यात आईने कडेचे सगळे तुकडे गोळा करून पुन्हा मळायला घेतले, तेव्हा त्यातला एक भाचीने शिताफीने वाचवला, तो पिठासकट कागदावर ठेवला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. मग तिने खडूंचा डबा उघडला. दोन्ही सरळ बाजू आणि त्यांच्यामधले टोक तिने लाल रंगवले. फुगलेल्या कडेपाशी आल्यावर थोडा वेळ थांबली, लाल खडू खाली ठेवला आणि निळा उचलला.